एक जूनचा जन्म, एकतीस मेची निवृत्ती

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "माझी जन्मतारीख १४ ऑक्टोबर. यंदा ५८ पुरी होतील. चौथीचा वर्ग अर्ध्यावर सोडावा लागेल, की एप्रिलपर्यंत ठेवतील?"

ताई, नाही ठेवणार. महाराष्ट्रात शिक्षकांचे निवृत्तीचे वय ५८, आणि ज्या महिन्यात ते पुरे होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी नोकरी संपते. म्हणजे तुमची ३१ ऑक्टोबरला. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते नि एप्रिल-मेला संपते, याचे नियमाला काही सोयरसुतक नाही. केरळात वर्षाच्या मध्ये वय पुरे झालेल्या शिक्षकांना वर्षअखेरपर्यंत ठेवून घेतात. मला विचाराल तर तेच बरे. सहामाहीनंतर नव्या बाईंशी जुळवून घेणे लहान पोरांना जडच जाते.

त्याहून गंमत एक जूनवाल्यांची. पूर्वी मुलाच्या जन्माची नोंद नसली की शाळेत घालताना गुरुजी सरळ १ जून लिहून टाकत. आता नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून एक जूनवाले ३१ मेलाच घरी, आणि दोन जूनवाल्याला ३० जूनपर्यंत पगार! एका दिवसापायी महिन्याचा पगार गेला की नाही? "खरी तारीख वेगळी आहे हो," म्हणून आता भागत नाही. दुरुस्तीचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

तुम्ही मात्र सेवापुस्तक आजच मागून नजरेखालून घाला. आपल्या बायकांचा घोळ हमखास नावाचा असतो. नेमणूक माहेरच्या नावाने, बँकेचे खाते सासरच्या. राजपत्रातल्या नावबदलाची नोंद सेवापुस्तकात चढली आहे ना, ते बघा. नामनिर्देशनही पाहा, लग्नाआधी लिहिलेले वडिलांचे नाव तसेच राहिलेले असते. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल तर जुने निवृत्तिवेतन. नंतर लागलेल्या मैत्रिणींचा हिशेब वेगळा.

कागद अडले तर निवृत्तिवेतन सुरू व्हायला वेळ लागतो, तेव्हा चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. दिवाळीची मोठी खरेदी जरा हात राखूनच करा, बरं का! आणि वर्ग सोपवताना कोणत्या मुलाचे कुठे अडते, ते नव्या बाईंना वहीत लिहून द्या.