थांबण्याची वेळ

माल केव्हा घ्यावा हे सांगणारे व्यापारात पुष्कळ भेटतात. हात केव्हा आवरावा हे सांगणारे थोडे. कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेचे व्हरमाँट राज्य येथील अनेक कुटुंबांना हा धडा दरवर्षी हिवाळा सरताना शुगर मेपल नावाच्या झाडाकडून मिळतो. या झाडाच्या रसापासून मेपल सिरप तयार होते. दिसायला ते आपल्या काकवीसारखे, आणि सर्वस्वी झाडापासून मिळणारे. म्हणूनच मध वर्ज्य मानणाऱ्या घरांना त्याविषयी आस्था वाटावी.

रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसा शून्याच्या वर चढतो, तेव्हा खोडातील दाब बदलून रस वाहू लागतो. सुमारे 8 मिलिमीटर रुंदीचे व चार-पाच सेंटिमीटर खोलीचे छिद्र पाडून त्यात तोटी बसवितात आणि खाली बादली टांगतात. रस पाण्यासारखा पातळ असतो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के. म्हणून 1 लिटर सिरपसाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. हंगाम अवघा चार ते सहा आठवड्यांचा. इतक्या कष्टाचे फळ इतके थोडे असल्यामुळेच ‘आणखी एक बादली’ हा मोह अनावर होतो.

परंतु झाड वेळेवर सूचना देते. पहिली सूचना हवेची : रात्री गोठण थांबली की प्रवाह मंदावतो. दुसरी रसाची : उष्ण दिवसांत त्यात जिवाणू वाढतात, तो गढूळ व पिवळसर होतो आणि त्याचे सिरप अधिक गडद व उग्र चवीचे उतरते. अनेकांना स्वयंपाकासाठी असे सिरप चालते. दोन-चार उबदार दिवसांनी घाबरून जाण्याचेही कारण नाही. थंडी परतली तर स्वच्छ रस पुन्हा वाहू शकतो. तिसरी सूचना मात्र निर्णायक. फांद्यांवरील कळ्या फुगू लागल्या की रसातील अमिनो आम्ले बदलतात आणि सिरपला एक अप्रिय वास येतो. कितीही उकळले तरी तो जात नाही. रेड मेपलच्या कळ्या शुगर मेपलच्या आधी फुगतात. म्हणून दोन्ही जातींचा रस घेणाऱ्याने रेड मेपलच्या तोट्या आधी काढाव्यात. न्यू इंग्लंडमधील जुने लोक तर बेडकांचे ओरडणे सुरू झाले की हंगाम संपत आल्याचे ओळखत.

येथे हिशेबाची कसोटी लागते. छिद्रे पाडली, बादल्या आणल्या, तेव्हा खर्च भरून निघेपर्यंत रस घ्यावा, असा विचार मनात येतो. पण झालेला खर्च झाला. पुढच्या बादलीने निदान स्वतःच्या सरपणाचे मोल तरी दिले पाहिजे. बिघडलेला रस तेही देत नाही. उलट, तो आधीच्या चांगल्या रसात मिसळला तर सरपण, दिवसभराचे श्रम आणि चांगला माल, तिन्ही जातात. म्हणून अखेरच्या दिवसांतील रस वेगळा ठेवावा, आधी कपभर उकळून त्याचा वास पाहावा आणि शंका आली तर तो टाकून द्यावा.

कळीची सूचना केवळ चवीपुरती नाही. रसातील साखर ही झाडाने मागील उन्हाळ्यात केलेल्या संचयातून आलेली असते आणि तोच संचय नव्या पालवीसाठी लागतो. कळी फुगली म्हणजे ठेवीदार आपली ठेव मागण्यास आला, असे समजावे. त्या वेळी तोट्या काढून घ्याव्यात. छिद्रात बूच मारू नये. झाड स्वतःच ते हळूहळू बुजविते. मात्र त्या जागेचे लाकूड पुन्हा रस वाहून नेत नाही, म्हणून पुढील वर्षी छिद्र वेगळ्या जागी पाडतात. कोवळ्या, बारीक खोडाला तर हातच लावत नाहीत.

लेश्यांच्या प्रसिद्ध दृष्टान्तात सहा भुकेले वाटसरू जांभळीपाशी येतात. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, तर सहाव्याला गळून पडलेली फळे पुरेशी वाटतात. मेपलचा रस घेणे हे गळलेले फळ वेचण्याइतके निर्दोष नाही. झाडाला जखम होतेच. म्हणूनच घेणाऱ्यावर मर्यादेचे बंधन अधिक. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते. संचय हाती आल्यावर ती ठरविणे कठीण जाते. घराला वर्षाला 2 लिटर सिरप पुरत असेल, तर सुमारे 80 लिटर रसानंतर तोटी काढता येते, मग हंगाम शिल्लक असला तरी. कळी ही झाडाने घातलेली सीमा आहे. त्याआधीची सीमा घरच्या माणसांनी हंगामाच्या पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी.