सूत्र कोणाच्या शरीराचे?

स्वस्थ पडून असतानाही शरीर ऊर्जा खर्च करते. तो खर्च वजन, उंची, वय यांवरून सूत्राने काढतात. पण सूत्र बांधताना मोजले कोणाला? १९१९ चे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र अमेरिकेतल्या २३९ जणांवरून बनले. १९८५ च्या शोफिल्ड सूत्रांतल्या जवळपास निम्म्या नोंदी इटालियन लोकांच्या होत्या. भारतीयांबाबत हा अंदाज जास्त निघू लागला, म्हणून आपल्याकडे आयसीएमआरने तो ५ टक्क्यांनी उतरवला.

यावरून कोणी म्हणेल, भारतीय शरीर जन्मतःच मंद. हे खोटे आहे. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या प्रमाणात भारतीय आणि ऑस्ट्रेलियन लोकांची तुलना केली, तेव्हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे प्रश्न वंशाचा नाही, शरीराच्या घडणीचा आहे. आणि ती घडण खाण्यापिण्यावर, कष्टावरही ठरते.

जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’त ठणकावले. तीच कसोटी येथे लावा. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या देहाचा आजचा कमी खर्च ही त्याची ‘गरज’ ठरवून ताटातले कमी करणे, हा अन्यायाचाच हिशेब आहे. आधी आपली शरीरे मोजा, मग आकडे सांगा!