माजघरातली गाणी, बेताच्या पैशात



सोयाबीनचे पैसे हाती आले की पोरे गाण्याच्या पेटीचा हट्ट धरतात. चाकूरच्या एका भगिनी विचारतात, "मामंजींना भजने हवीत, पोरांना सिनेमाची गाणी. उसनवारी न करता काय घ्यावे?"

१९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तेव्हा ओसरीवरचा एक रेडिओ साऱ्या घराला पुरत असे. आता गाणी मोबाइलमध्येच आहेत. कमी आहे ती चांगल्या आवाजाची.

पहिली गोष्ट, पेटीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 'पीएमपीओ'चे हजार वॅट कागदावरचे. दुकानात 'आरएमएस' वॅट किती ते विचारा. मी स्वतः एकदा आकडा पाहून पेटी आणली. घरच्या बारशाला आवाज चढवला आणि कॉइल जळाली!

दुसरी गोष्ट, वस्तू मोजक्याच घ्या. टीडीए ७२९७ या चिपची तयार पट्टी, ८ ओहमचे दोन स्पीकर आणि १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर. एवढ्यावर दर बाजूस पाच-सहा खरे वॅट मिळतात. माजघराला ते पुष्कळ झाले. चिपला उष्णता घालवणारा ॲल्युमिनियमचा तुकडा हवाच. पेट्या गावच्या सुताराकडून जाड प्लायच्या करून घ्या. सांधे मात्र हवाबंद हवेत.

लाइट गेली तर हीच पट्टी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तारेत ५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि धन-ऋण तपासून मगच जोडा. उलटे जोडले की चिप गेलीच समजा. ट्रॅक्टरची बॅटरी मात्र काढू नका. रात्रीची गाणी सकाळच्या नांगराला महाग पडतील.

जोडताना दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करू नका. या चिपला ते चालत नाही. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या तर पखवाजाचा घुमारा नाहीसा होतो. तसे वाटले, तर एकाच पेटीच्या तारा अदलाबदल करून पाहा. दोन पेट्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच अंतर राखून समोर बसा. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. भिंतीला गोधडी टांगली की निवळतो.

वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवा.

शेवटचे आणि महत्त्वाचे. आवाज एवढाच ठेवा, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू यावे. करपलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. मोठ्या आवाजाने मेलेल्या कानाच्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मामंजींचे भजन पोरांनाही म्हातारपणी ऐकू यायला हवे ना?