जाळ्यातलं कासव आणि जाळ्याचे पैसे



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर सीलच्या पिल्लाचा व्हिडिओ खूप फिरला. परदेशातला किनारा, आईपासून तुटलेलं आजारी पिल्लू, त्याला टोपलीत घालून नेणारी माणसं, नळीनं पोटात खाणं, आणि काही महिन्यांनी धडधाकट होऊन पुन्हा पाण्यात. खाली भरपूर जणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, "तिकडे जनावराला दवाखाना, इथे माणसाला वेळेवर मिळत नाही." दुसऱ्यानं विचारलं, "आपल्याकडे असं काही आहे का?"

पहिल्याला काय उत्तर देणार. दुसऱ्याला मात्र देता येतं. आहे. सील आपल्या दर्यात नाही, तो थंड पाण्याचा प्राणी. पण आपल्याकडे कासव आहे, आणि त्याचा दवाखाना सुरतहून रेल्वेनं सुमारे दीडशे किलोमीटरवर, डहाणूला आहे. पारनाक्याजवळ वनखात्याच्या आवारात टाक्या बांधल्यात. वनखातं आणि तिथली स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून ते चालवतात. पावसाळ्यात दर्या खवळला की जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, ती तिथे नेतात. कुणाचा पंख नायलॉनच्या दोरीनं हाडापर्यंत कापलेला, कुणाच्या पाठीवर शंखशिंपल्यांचा थर चढलेला, तर कुणी नुसतं पाण्यावर तरंगणारं. पाय गेलेल्या कासवाला कृत्रिम पाय बसवायचा प्रयत्नही तिथे झालाय.

तरंगणाऱ्या कासवाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्यातल्या बहुतेकांची चूक इथेच होते. किनाऱ्याला कासव दिसलं की चार पोरं उचलतात, लाटेत ढकलतात, टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. कासव परत येतं. पुन्हा ढकलतात. अहो, ते रस्ता चुकलेलं नाही, ते आजारी आहे. फुप्फुसाला संसर्ग झाला किंवा आतड्यात हवा धरली की कासवाला बुडी मारता येत नाही. बुडी नाही म्हणजे खाणं नाही, आणि वरून होडीच्या पंख्याचा धोका. त्याला समुद्रात ढकलणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला शेतावर धाडणं. त्याला सलाइन, औषध आणि उथळ पाण्याची टाकी लागते, कधीकधी कित्येक महिने.

होडीवरची गोष्ट वेगळी. कासव फुप्फुसानं श्वास घेतं, माशासारखे कल्ले त्याला नाहीत. जाळं ओढायला उशीर झाला की ते पाण्याखाली गुदमरतं. वर आलं की हालचाल नाही, डोळे मिटलेले. खलाशी म्हणतो मेलं, आणि टाकतो परत. पण खूपदा ते मेलेलं नसतं, बेशुद्ध असतं, आणि त्या अवस्थेत पाण्यात टाकलं तर नक्की बुडून मरतं. त्याला पोटावरच ठेवावं, उलटं करू नये. मागचा भाग वीतभर उंच करावा, खाली दोरीचं भेंडोळं किंवा फळी सरकवली तरी चालतं, म्हणजे छातीतलं पाणी उतरतं. सावलीत ठेवावं, अंगावर ओलं फडकं टाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. टबात पाणी भरून त्यात ठेवू नये. चार तास, कधी त्याहून खूप जास्त वेळ लागतो. हातपाय मारायला लागलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळं पाण्यात नसताना, हळूच सोडावं. पंखाला धरून ओढायचं नाही, हूक लावायचा नाही.

एवढं सगळं धंद्याच्या वेळेत कोण करणार, असं टंडेल विचारतील. रास्त प्रश्न आहे. म्हणूनच आता पैशांचं बोलू.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि तुम्ही जाळं कापून त्याला सोडलंत, तर जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो आणि होडीचे कागद लागतात. पहिल्या तीनेक वर्षांत २६० जीव असे सुटले आणि साधारण ४० लाख ७८ हजार रुपये मच्छीमारांना मिळाले. त्यात ऑलिव्ह रिडले कासवंच १३८ होती, व्हेल शार्क ३७. भागाकार करा, एका सुटकेमागे पंधरा-सोळा हजार पडतात. जाळ्याचे आजचे भाव तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत. फाटलेल्या जाळ्याची काही किंमत निघते, बुडालेल्या दिवसाची नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा हे बरं, आणि कागद नीट केले तर मिळतं.

गुजरातनं तर याची सुरुवात आधीच केली होती. व्हेल शार्कला सौराष्ट्रात मच्छीमार 'बॅरल' म्हणायचे, कारण त्याला मारताना पिंप बांधायचे. यकृताचं तेल होडीच्या लाकडाला, मांस निर्यातीला. २००१ साली त्याला वाघाच्या यादीत घातलं, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पण निव्वळ कायद्यानं शिकार थांबली असं आम्हाला वाटत नाही. २००४ साली मोहीम निघाली, मोरारी बापूंनी गावोगाव सांगितलं की ही 'व्हाली' म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, आणि जाळं कापलं तर वनखात्याकडून भरपाई ठरली. वेरावळ, सूत्रापाड्याच्या त्याच मच्छीमारांनी आजवर नऊशेहून जास्त व्हेल शार्क स्वतःची जाळी कापून सोडले. तिकडच्या बापड्या मच्छीमाराला आधी गुन्हेगार म्हटलं असतं तर हे झालं असतं का?

आपल्यातही कासवाला कुणी मुद्दाम मारत नाही. देवळात शिरताना आधी त्यालाच नमस्कार करतो आपण. जुने टंडेल तर हळदकुंकू लावून सोडायचे. पण जाळं कापायची वेळ आली की हात थांबतो, आणि तो का थांबतो हे ज्याच्या डोक्यावर जाळ्याचं कर्ज आहे त्यालाच कळतं.

आमचं म्हणणं सरळ आहे. कासवाला राज्याची हद्द कळत नाही, होडीलाही दर्यात फारशी कळत नाही. मग उंबरगावला जाळं कापलं काय आणि डहाणूला कापलं काय, नियम एक हवा, दर एक हवा, अर्ज एक हवा. दुसरं, दक्षिण गुजरातच्या बंदरांजवळ कासवासाठी दोन टाक्या आणि बोलावल्यावर येणारा पशुवैद्य हवा. फार मोठा खर्च नाही हा.

सरकारकडे मागताना आपल्या घरातही पाहावं लागेल. डहाणूच्या टाकीत पंख गमावलेलं कासव येतं, त्याला ज्या दोरीनं कापलं ती कुणाची? फाटलेलं जाळं दर्यात सोडून द्यायची सवय आपलीच आहे. नायलॉन कुजत नाही, ते वर्षानुवर्षं मासे, खेकडे, कासवं पकडत राहतं, आणि त्यातला एकही मासा कुणाच्या टोपलीत येत नाही. दर्यावरून पन्नास शब्द ऐकवणारे आम्ही, आमचं दप्तर चलथाणात साखर कारखान्याच्या गावात आहे, तेव्हा हसायचं असेल तर हसा. पण दप्तरात जागा आहे. जुनी जाळी आणून टाका, भंगारवाल्याशी एकत्र भाव ठरवू.

ज्यांना कासवाचं काही पडलेलं नाही त्यांच्यासाठीही एक आकडा आहे. २०१९ पासून अमेरिकेनं आपली दर्यातली कोळंबी घेणं बंद केलंय. तलावातली चालते, ट्रॉलरची नाही. कारण एकच, जाळ्यात कासव सुटायची सोय नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या ट्रॉलसाठी तशी चौकट तयार केली आहे. कासव वरच्या तोंडातून निसटतं, कोळंबी मागे जाते. थोडा माल निसटतो हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण बंद बाजारात सगळाच माल निसटलेला आहे.

प्रत्येक जीव वाचतोच असं नाही, हेही सांगून ठेवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी, मच्छीमार, वनखातं, तटरक्षक दल, सगळे झटले. सलाइन लावलं, ओली फडकी टाकली, चाळीसेक तासांनी टगबोटीनं खोल पाण्यात नेलं. ते जगलं नाही. दूध पिणारं एवढं मोठं लेकरू आईविना कुणी कसं पोसणार. तरी ती माणसं रात्रभर पाण्यात उभी होती, आणि त्यातले बरेच आपल्यासारखेच होते.

तर आत्तापुरतं एवढं करा. गुजरातच्या किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर १९६२ लावा, महाराष्ट्रात असाल तर वनखात्याचा १९२६. दोन्ही नंबर केबिनमध्ये खडूनं लिहून ठेवा. जाळं कापायची वेळ आली तर आधी खलाशाच्या हातात मोबाइल द्या, कापताना आणि सोडताना असे दोन्ही फोटो हवेत. जाळ्याच्या खरेदीची पावती फेकू नका. अर्ज भरायला दप्तरात या, आम्ही बसून भरून देऊ. पुढच्या मासिक सभेत टाक्यांच्या मागणीचा ठराव ठेवतोय, होडीमालकांनी सहीला यावं. आणि येताना फाटकी जाळी आणा.