काँक्रीट घासायचे, पण कुणाच्या फुप्फुसावर?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव लागते. भिवंडीच्या गोदामांचा माल, यंत्रमागाचे तागे आणि कामावर निघालेले आपले लोक याच भिवंडी-कल्याण-शीळ रस्त्याने जातात. त्याचे सहापदरीकरण व काँक्रीटीकरण महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. काँक्रीट आले म्हणजे ३० वर्षांची चिंता मिटली, असे जनतेला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. स्लॅब ३० वर्षांच्या हिशेबाने बांधतात, पण त्याचा पृष्ठभाग आधीच झिजतो. अवजड ट्रकखाली तो गुळगुळीत होतो आणि पावसात दुचाकी घसरते. सांध्यापाशी पाणी शिरून खालचा भराव वाहतो, पायरी पडते. रिक्षातल्या गरोदर बाईला बसणारा दणका कुठल्या फायलीत नोंदला जातो?

अशा वेळी वर डांबराचा थर टाकतात, नाहीतर सारे फोडून नवे टेंडर काढतात. डांबराखाली तोच सांधा हलत राहतो आणि थराला पुन्हा तडा जातो. ठेकेदाराचे मात्र दोन्हीकडून भागते.

तिसरा मार्ग आहे डायमंड ग्राइंडिंगचा. हिऱ्याचे कण बसवलेली पाती एका आडव्या दांड्यावर दाटीने लावतात, मीटरमागे दीडशे ते दोनशे. (हे हिरे दागिन्यांचे नव्हेत, औद्योगिक आहेत.) हे यंत्र वरचे साधारण ३ ते ६ मिलिमीटर काँक्रीट घासून काढते. पायरी सपाट होते, बारीक सरी पडतात, टायरची पकड परत येते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो फ्रीवेच्या जुन्या भागावर १९६५ साली हा उपाय केला, आणि १९८४ मध्ये तोच भाग पुन्हा घासला. फोडला नाही!

अर्थात स्लॅब आरपार तडकला असेल किंवा भराव पोकळ झाला असेल, तर आधी ती दुरुस्ती, सांधे भरणे, मगच ग्राइंडिंग. नुसते घासून देणे म्हणजे पडक्या भिंतीला चुना.

आमचा खरा प्रश्न पुढचा आहे. वाळूखडीत सिलिका असते. कोरडे घासले की तिची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. म्हणून मोठे यंत्र पाण्यावर चालते आणि उरलेला चिखल ओढून घेते. पण कडेचे काम हातग्राइंडरने, तेही कोरडे उरकण्याची सवय आपल्याकडे आहे. हातग्राइंडर आणि झाडू कुणाच्या हाती येतो, हे कळायला जातीचा दाखला तपासावा लागत नाही. त्यात तो चिखल अल्कधर्मी असतो. तो उल्हास खाडीत लोटला तर मासेमारांच्या पोटावर पाय येतो.

तेव्हा कोनकरांनी रस्ता घासायची मागणी जरूर करावी, आणि टेंडरची प्रत मागून पाहावी. पाण्याची, चिखल उचलण्याची, श्वसनरक्षक मास्कची आणि मजुरांच्या छातीच्या तपासणीची रक्कम त्यात वेगळी धरली आहे का? मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी लागणारा ९० दिवसांच्या कामाचा दाखला ठेकेदार देणार आहे का? नसेल तर काम सुरू होण्याआधी हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.