रक्ताची जन्मपत्रिका

घरांतील वडील माणसास लिंफोसाइटिक जातीचा जीर्ण रक्तकर्करोग निघाला, कीं पहिला प्रश्न उमटतो, "किती वर्षें?" रोगाची पुढील गति सुचविणाऱ्या जनुकतपासण्या हल्लीं होतात; त्यांस जन्मपत्रिका समजून लोक धांव घेतात.

चरकसंहितेंत ‘याप्य’ रोगांचा एक वर्ग आहे: समूळ न जाणारे, परंतु उपचारानें आवरतां येणारे. हा रोग बहुधा त्यांत बसतो. कित्येकांस वर्षानुवर्षें औषधच लागत नाहीं. तोंवर साधी रक्ततपासणी नेमानें करावी. शहापूरकरांनीं आसनगांवाहून वा मुरबाडकरांनीं कल्याण गांठून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट केवळ भविष्य ऐकण्यासाठीं कां धरावी?

औषधाची वेळ आली म्हणजे गोष्ट निराळी. टीपी ५३ या जनुकांत दोष असल्यास जुनी केमोथेरपी फारशी लागू पडत नाहीं, नव्या गोळ्या योजाव्या लागतात. हा दोष मागाहूनही उद्भवतो, यास्तव प्रत्येक नव्या उपचारापूर्वीं ती तपासणी पुन्हां हवी. आयजीएचव्ही जनुकाची स्थिति बदलत नाहीं. ती एकदां पाहिली कीं पुरे.

निकाल मुलांनीं आधीं ऐकून वडिलांपासून झांकण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. ऐकावयाचा कीं नाहीं, हें त्यांनाच विचारावें.