अष्टविनायक : दर्शन हवे, धावपळ नको

भाद्रपद लागला की घरोघरी अष्टविनायकाच्या यात्रेचे बेत सुरू होतात. आठ स्थाने, दोन दिवस, एक गाडी, असा हिशेब हल्ली सर्रास मांडला जातो. या हिशेबाविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि सांगतेस पुन्हा मोरगाव, हा परंपरेने आलेला क्रम. त्यात भीमातीरीच्या सिद्धटेकहून सह्याद्री उतरून पालीस जावे लागते आणि महडनंतर पुन्हा घाट चढून थेऊरला यावे लागते. पायी जाणाऱ्या पूर्वजांना याचे काही वाटत नसे. वाटेवरचा मुक्काम आणि सिद्धटेकच्या अलीकडे होडीची वाट पाहणे, हेही त्यांच्या यात्रेतच जमा होते. आज तोच क्रम दोन दिवसांत बसवू गेल्यास पदरी पडते ती केवळ दमछाक.

काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच केले. लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. सुमारे ३०० पायऱ्या सावकाश चढण्याइतकी सवड आमच्या वृद्ध आत्याबाईंना देता आली नाही. त्यांनी खालूनच डोंगराला हात जोडले. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण वर गाभाऱ्यात आमचे मन लागेना. दोष गाडीचा नव्हता, आमच्या आखणीचा होता.

म्हणून आमच्या मते यात्रेचे तीन भाग करावेत. महड व पालीसाठी मुंबईकरांनी कर्जतमार्गे लोकलने खोपोली गाठावी. महड तेथून जवळ आहे, आणि पुढे पालीस रस्त्याने जाता येते. लेण्याद्री व ओझर ही जुन्नर तालुक्यातली जोडी. पुण्याहून एसटीने आदल्या दिवशीच जुन्नर किंवा नारायणगावी मुक्कामास जावे आणि सकाळच्या गारव्यात लेण्याद्री चढावी. तिसऱ्या खेपेस थेऊर, रांजणगाव, सिद्धटेक आणि शेवटी मोरगाव. सिद्धटेकसाठी दौंडपर्यंत रेल्वे आहे. वाहन बदलायचे असेल तेथे तासाभराची सवड ठेवावी आणि परतीची शेवटची गाडी स्थानकावर उतरताच विचारून घ्यावी. वृद्ध बरोबर असतील तर चतुर्थीची गर्दी टाळलेली बरी.

क्रम मोडला तर दोष लागेल काय, अशी शंका कोणी घेईल. ज्यांची श्रद्धा क्रमावर आहे त्यांनी तो अवश्य पाळावा. मात्र दिवस वाढवावेत. इतरांनी घरच्या देवास वंदन करून निघावे व सांगता मोरगावी करावी. यात्रेची आखणी घरातल्या सर्वांत थकलेल्या पावलांना विचारून व्हावी. ती पावले गाभाऱ्यापर्यंत पोचली, की घरादाराची यात्रा पूर्ण झाली, असे आम्ही समजतो.